रात्रीचा आरसिंक बॅकअप सारखा अडकतोय? या क्रमाने तपासा

दोन लिनक्स सर्व्हर असतात. एक ऑफिसात, ज्यावर दिवसभर काम चालतं, आणि दुसरा दुसऱ्या गावातल्या ब्रँचला किंवा भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून, आरसिंक हा फाईली कॉपी करणारा प्रोग्रॅम एसएसएचवरून, म्हणजे दोन सर्व्हरमधल्या सुरक्षित जोडणीवरून, इकडच्या फाईली तिकडे नेतो. पतसंस्था, प्रिंटिंग प्रेस, सीएचं ऑफिस, छोटं हॉस्पिटल, मी जिथे जिथे जातो तिथे हाच सेटअप असतो, आणि तो कधी ना कधी अडकतोच. बारा वर्षं झाली मला हे दुरुस्त करायला लागून. बहुतेक वेळा कारण अगदी साधं निघतं, पण माणसं घाबरलेली असतात म्हणून साधं तपासायचं सोडून एकदम सर्व्हर फॉरमॅट करण्यापर्यंत जातात आणि त्यात जो जुना बॅकअप शिल्लक होता तोही घालवून बसतात. हे बघवत नाही म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच नेहमीचं स्पेलिंग.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा.

- लॉगमध्ये रोज "बॅकअप पूर्ण" येतं, पण बॅकअप सर्व्हरवरची सगळ्यात नवी फाईल तीन आठवड्यांपूर्वीची आहे.
- हाताने कमांड दिली की चालतं, क्रॉनमधून चालत नाही.
- पहिल्या रात्री गेलं, दुसऱ्या रात्रीपासून "परमिशन डिनाइड".
- रोज रात्री सगळाच्या सगळा डेटा नव्याने कॉपी होतो आणि सकाळी ऑफिस उघडलं तरी संपलेला नसतो.
- मध्येच "ब्रोकन पाइप" किंवा "कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली क्लोज्ड".
- डिस्कवर जागा दिसतेय, तरी "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस".
- मराठी नावाच्या काही फाईली तिकडे दोन-दोन दिसतात.
- इकडे चुकून डिलीट झालेली फाईल तिकडे शोधायला गेलात तर तिकडूनही गेलेली.

हात लावण्याआधी

क्रॉनची ती ओळ कमेंट करा. लॉग दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आणि कारण सापडेपर्यंत डिलीट ऑप्शन, म्हणजे इकडे नसलेली फाईल तिकडूनही काढणारा, कमांडमधून काढून टाका. तुम्ही दिवसभर शोधत बसता आणि रात्री दोनला तोच बिघडलेला जॉब पुन्हा चालतो, आणि त्यात डिलीट असेल तर सकाळी बॅकअप सर्व्हरवर काय उरलं असेल ते सांगता येत नाही. याला काही खर्च नाही, दोन मिनिटं लागतात. हे न करता कुणी पुढे गेलं की मला खरंच भीती वाटते.

एक्झिट कोड बघा

आरसिंक संपताना एक आकडा देतो आणि निम्मं उत्तर त्या आकड्यातच असतं. शून्य म्हणजे सगळं नीट. २३ म्हणजे काही फाईली गेल्या नाहीत, बहुतेकदा वाचायची परवानगी नसते. २४ म्हणजे यादी केली तेव्हा फाईल होती आणि कॉपी करायला गेला तोवर ती गायब झाली होती, टेम्पररी फाईलींचं असं होतं आणि ते फारसं काळजीचं नसतं. ३० म्हणजे टाइमआउट. १२ म्हणजे समोरच्या बाजूने बोलणं मध्येच तोडलं, तेव्हा समोरची डिस्क भरलीय का ते आधी बघायचं. २५५ आला तर तो आरसिंकचा नाहीच, एसएसएचचा आहे, म्हणजे फाईलींपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. १२७ म्हणजे समोरच्या सर्व्हरवर आरसिंक इन्स्टॉलच नाही किंवा सापडत नाही.

आता "रोज पूर्ण दाखवतं पण फाईली नाहीत" हे कसं होतं ते सांगतो, कारण हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या खालच्या ओळीत "बॅकअप पूर्ण" असं छापणारी एको कमांड लिहिलेली असते, कुठलीही अट न घालता. आरसिंक पहिल्या सेकंदाला मेला तरी पुढची ओळ चालतेच. दुसरा प्रकार जरा लपलेला आहे, लॉगसाठी आरसिंकचं आउटपुट पाइपने टी कमांडला, जी ते स्क्रीनवर आणि फाईलमध्ये दोन्हीकडे लिहिते, दिलेलं असतं, मग स्क्रिप्टला जो एक्झिट कोड मिळतो तो टीचा असतो आणि टी बिचारा नेहमीच यशस्वी होतो. स्क्रिप्टच्या वरच "सेट डॅश ओ पाइपफेल" टाका, आणि कोड शून्य असेल तरच पूर्ण लिहा, नाहीतर कोडचा आकडा लिहा आणि मेल किंवा मेसेज जाऊ द्या. एवढ्या एका बदलाने तीन-तीन आठवडे लपून राहिलेले बिघाड दुसऱ्या दिवशी कळायला लागतात.

जागा, आयनोड, आणि डिस्क खरंच माउंट आहे का

डीएफ डॅश एच दिलं की जागा दिसते, ते सगळे करतात. डीएफ डॅश आय कुणी करत नाही. ईएक्सटी४ फाईलसिस्टिममध्ये किती फाईली मावणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं, साधारण १६ केबीला एक आयनोड, म्हणजे एका फाईलची नोंद, आणि तुमच्याकडे लाखो बारीक फाईली असतील, म्हणजे मेल सर्व्हर, वेबसाइटचे थंबनेल, सेशन फाईली, तर जागा शिल्लक असताना आयनोड संपतात. मेसेज मात्र तोच येतो, जागा नाही. जुने स्नॅपशॉट, म्हणजे जुन्या तारखांच्या बॅकअपच्या प्रती, काढले की सुटतं.

माउंटचं, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडण्याचं, प्रकरण मात्र नीट समजून घ्या. एका तालुक्याच्या पतसंस्थेत मी सेटअप नव्याने हातात घेतला होता, जूनचा महिना, आदल्या रात्री पावसात लाइट गेलेली. सकाळी साडेदहाला काउंटरवरच्या ताईंचा फोन, "दादा, सगळं हँग झालंय, पासबुक पण निघेना, बाहेर लाइन लागलीय." जाऊन बघतो तर रूट डिस्क, म्हणजे सर्व्हरची सिस्टिम असते ती, शंभर टक्के भरलेली. झालं होतं असं की त्या सर्व्हरवर दुसऱ्या ब्रँचचा बॅकअप यूएसबी डिस्कवर यायचा, लाइट आल्यावर सर्व्हर चालू झाला पण यूएसबी डिस्क माउंट झाली नाही, पण ज्या फोल्डरवर ती माउंट व्हायची तो रिकामा फोल्डर तर होताच, आरसिंकला काय, फोल्डर दिसला, भरला. रात्रभर सगळा डेटा रूट डिस्कवर.

आणि गंमत अशी की मी डिस्क पुन्हा माउंट केल्यावर तो भरलेला डेटा दिसेनासा झाला, कारण तो माउंटच्या खाली दबला होता. डीएफ म्हणतं डिस्क भरलीय, फोल्डरमधल्या फाईली मोजणारं डीयू म्हणतं निम्मीसुद्धा नाही. हा फरक दिसला की माउंट काढून आत बघायचं, नाहीतर रूट दुसरीकडे बाइंड माउंट करून, म्हणजे तोच फोल्डर दुसऱ्या जागी जोडून, बघायचं. तिथे एक तास गेला माझा, बाहेर लोक पैसे काढायला ताटकळत उभे.

हेच उलट्या बाजूला झालं तर जास्त वाईट. मूळ डेटाची डिस्क माउंट नाही, फोल्डर रिकामा, कमांडमध्ये डिलीट आहे. आरसिंकच्या दृष्टीने यात एरर काहीच नाही, तुम्ही सगळं काढून टाकलंत असं तो समजतो आणि बॅकअप साफ करतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने तपासा, डिस्क लागलेली नसेल तर तिथेच थांबा आणि मेसेज पाठवा. शिवाय मॅक्स-डिलीट ऑप्शन लावा, समजा ५००, म्हणजे त्यापेक्षा जास्त फाईली काढायची वेळ आली तर तो ५०० वर थांबतो आणि कोड २५ देतो. वाचताना "आयओ एरर, स्किपिंग फाईल डिलीशन" असा मेसेज आला तर आरसिंकने स्वतःहून डिलीट थांबवलेलं असतं, ते तुमच्या भल्यासाठी असतं. तो मेसेज घालवायला इग्नोर-एरर्स लावू नका.

शेवटचा स्लॅश

सोर्सच्या नावापुढे स्लॅश असेल तर फोल्डरमधलं जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. बॅकअपमध्ये "बिलं" फोल्डरच्या आत अजून एक "बिलं" फोल्डर दिसला की हेच. बदल करण्याआधी डॅश एन म्हणजे ड्राय-रन आणि सोबत डॅश आय लावून बघा, काय होणार आहे ते ओळीओळीने दिसतं.

हाताने चालतं, क्रॉनमधून नाही

क्रॉनला तुमचं लॉगिन माहीत नसतं. त्याचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, छोटा असतो म्हणून कमांड सापडत नाही, पूर्ण पाथ लिहा. तुम्ही लॉगिन केल्यावर एसएसएच एजंटमध्ये की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची चावी, लोड झालेली असते, क्रॉनला ती मिळत नाही, म्हणून एसएसएचच्या डॅश आय ऑप्शनने की-फाईल सांगा. क्रॉनटॅबच्या ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलं असेल तर क्रॉन तिथे ओळ तोडतो, आधी बॅकस्लॅश लावायला लागतो किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये टाकायचं. हे टक्क्याचं कळायला मला सुरुवातीला दोन रात्री लागल्या होत्या.

व्हीपीएसचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असतं. तुम्ही रात्री दोनचा जॉब लावला की आपल्याकडे तो सकाळी साडेसातला सुरू होतो आणि दहा वाजता लोक कामाला बसले की नेट स्लो म्हणून ओरड सुरू. आणि कालचा जॉब संपला नसताना आजचा सुरू झाला तर दोघं एकाच फोल्डरवर भांडतात, त्यासाठी एफलॉक वापरा, आधीचा चालू असेल तर नवा सुरूच होणार नाही.

"परमिशन डिनाइड, पब्लिककी"

इथे लोक एक चूक करतात ती म्हणजे चमोड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. एसएसएचला नेमकं तेच चालत नाही. होम फोल्डर, डॉट एसएसएच फोल्डर किंवा ऑथराइज्ड कीज फाईल (यात आत यायची परवानगी असलेल्या की असतात) यातलं काहीही दुसऱ्याला लिहिण्याजोगं असेल तर एसएसएच की नाकारतो, कारण कुणीही येऊन आपली की त्यात घालू शकेल. डॉट एसएसएच ७००, फाईल ६००, होम जास्तीत जास्त ७५५.

आता ते "पहिल्या रात्री गेलं, दुसऱ्या रात्री अडलं" याचं कारण. कमांड अशी असते की सोर्स फोल्डर, पुढे स्लॅश, डॅश ए, आणि डेस्टिनेशनला नुसता सर्व्हर आणि कोलन, म्हणजे समोरच्या युजरचं होम. डॅश ए परवानग्यासुद्धा नेतो, त्यामुळे सोर्स फोल्डर ७७५ असेल तर समोरचं होमही ७७५ होतं. पहिली रात्र पार पडते आणि जाताना स्वतःच्याच येण्याचा रस्ता बंद करून जाते. कधीही थेट होमवर सिंक करू नका, आत एक फोल्डर करा.

बाकी पटकन सांगतो. समोरचा सर्व्हर नवा अपग्रेड केल्यावर जुनी आरएसएची जोडणी बंद झाली असेल तर कारण असं की ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, शा-१ या जुन्या पद्धतीची आरएसए सही डिफॉल्टने नाकारली जाते. खूप जुन्या एनएएस बॉक्सशी, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्याशी, बोलताना हे येतं, ईडी२५५१९ प्रकारची नवी की बनवा, आणि बॉक्स तेवढा जुना असेल की तीही चालत नाही तर तो बॉक्स बदलायची वेळ आलीय. "प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन" आलं तर समोरच्या युजरच्या बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल सुरू होताना चालणाऱ्या फाईलमध्ये, कुणीतरी "वेलकम" वगैरे छापायची ओळ टाकलेली असते, ती ओळ आरसिंकच्या बोलण्यात मिसळते. ती काढा.

"होस्ट आयडेंटिफिकेशन चेंज्ड" आलं तर मात्र थांबा. व्हीपीएस नव्याने बनवला असेल तर हे येणारच, पण मग प्रोव्हायडरच्या कन्सोलवरून आत जाऊन सर्व्हरच्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळख, बघा, जुळला तरच जुनी नोंद काढा. चेकिंगच बंद करणारा ऑप्शन इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेला सापडतो, तो लावला तर तुमच्या सगळ्या खातेदारांचा डेटा कुणाच्या हातात जातोय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

रोज सगळंच कॉपी होतं

आरसिंक १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात आणला तेव्हा त्याची खरी कमाल होती ती फाईलचा बदललेला तुकडाच पाठवायची. पण त्याआधी तो एक झटपट तपासणी करतो, साइज आणि बदलल्याची वेळ दोन्ही सारखे असतील तर ती फाईल सोडून देतो. म्हणून वेळ जपली गेली नाही की सगळं नव्याने. डॅश ए ऐवजी नुसता डॅश आर वापरला असेल तर वेळ जात नाही, बहुतेकदा कारण एवढंच. दुसरं, बॅकअप डिस्क फॅट३२ असेल तर ती वेळ दोन सेकंदांच्या पायरीने साठवते, तिथे मॉडिफाय-विंडो १ लावा, आणि खरं तर ती डिस्क ईएक्सटी४ ला फॉरमॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाईल जातच नाही.

चेकसम ऑप्शन लावला की सुटेल असं वाटतं. तो दोन्हीकडची प्रत्येक फाईल पूर्ण वाचतो, रोज लावला तर डिस्क रात्रभर घासत बसते. महिन्यातून एकदा पडताळणीला लावा, तिथे तो सोन्यासारखा आहे.

मराठी नावाच्या फाईली

याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं मिळत नाही म्हणून सविस्तर. एका प्रेसमध्ये डिझायनर मॅकवर, टायपिंग विंडोजवर, फाईल सर्व्हर लिनक्स. सर्व्हरवर "दुसऱ्या आवृत्तीचं कव्हर" नावाच्या दोन फाईली, एकाच फोल्डरमध्ये, अक्षर न् अक्षर सारखी. मालक मला विचारतात, "एका नावाच्या दोन फाईली राहतातच कशा?"

नाव सारखं दिसतं, बाइट वेगळे असतात. "दुसऱ्या" मधला तो ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे ऱ हे एकच अक्षर, दुसरा म्हणजे साधा र आणि खाली नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईलसिस्टिम नावं फोडून ठेवते, म्हणजे र अधिक नुक्ता. विंडोजवरून आलेलं नाव जोडलेलं असतं. लिनक्स फक्त बाइट बघतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. त्यात काही कीबोर्ड तोच ऱ्या "र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे" असा टाइप करतात, म्हणजे तिसरा प्रकार, आणि तो कुठल्याही आपोआप होणाऱ्या रूपांतराने बाकीच्यांशी जुळत नाही. पहिल्या दोन प्रकारांसाठी मॅकवरून सिंक करताना आयकॉन्व्ह ऑप्शन आहे, त्यात इकडचं "यूटीएफ-८-मॅक" आणि तिकडचं "यूटीएफ-८" सांगायचं. मात्र मॅकसोबत कित्येक वर्षं २००६ चं २.६.९ व्हर्जन यायचं, त्यात हा ऑप्शन नाही, तो ३.० पासून आला, म्हणून नवा आरसिंक वेगळा इन्स्टॉल करा. दुरुस्त करताना दोन्ही फाईली उघडून बघा कुठली नवी आहे, नावावरून एक उडवू नका, त्या प्रेसमध्ये एका फाईलमध्ये जुनी किंमत होती आणि दुसऱ्यात सुधारलेली.

दुसरा त्रास लांब नावांचा. लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा धरून, म्हणजे फक्त ८५ चिन्हं. विंडोजवर १०० चिन्हांचं नाव आरामात बसतं आणि इकडे "फाईल नेम टू लाँग", कोड २३. लोक ठरावाचा अख्खा विषय फाईलच्या नावात लिहितात तिथे हे हमखास. नाव छोटं करणे एवढाच उपाय.

आणि लॉगमध्ये नावांच्या जागी \#३४०\#२४४ असले आकडे दिसले तर घाबरू नका. क्रॉनची लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, साधी असते म्हणून आरसिंक देवनागरीचे बाइट तसे छापतो, फाईल शाबूत असते. एट-बिट-आउटपुट ऑप्शन लावला की लॉग वाचता येतो.

नेटवर्क

लॉगिन होतं, छोट्या फाईली जातात, मोठी आली की लटकतं, असं असेल तर एमटीयू बघा, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात ते. बऱ्याच ब्रॉडबँडवर पीपीपीओई नावाची जोडणी असते, तिथे १५०० ऐवजी १४९२ मावतात. पिंगला तुकडे न करण्याचा ऑप्शन लावून १४७२ साइज पाठवा, गेलं नाही आणि १४६४ गेलं तर हेच कारण. व्हीपीएनच्या आत अजून कमी होतं.

शांत पडलेलं कनेक्शन राऊटर तोडतो, फाईलींची यादी करायला वेळ लागला की असं होतं, एसएसएचमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० करा. मोठ्या फाईलींसाठी पार्शल-डिर ऑप्शन, म्हणजे तुटलं तिथून पुढे. दिवसा चालवायचं असेल तर वेगावर मर्यादा घालायला बीडब्ल्यूलिमिट.

चालू डेटाबेस

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस चालू असताना त्यांचं डेटा फोल्डर आरसिंकने नेलं तर ते जातं, एक्झिट कोडही चांगला येतो, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी उघडत नाही, कारण कॉपी होत असतानाच आतल्या फाईली बदलत होत्या. आधी डंप काढा, म्हणजे डेटाबेसने स्वतः काढून दिलेली डेटाची फाईल, मायएसक्यूएलच्या इनोडीबी टेबलांसाठी सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून, आणि तो डंप सिंक करा. माझ्याकडे रडवेल्या आवाजात आलेले फोन बरेचसे याच कारणाचे.

आता कड्या लावून घ्या

बिघाड दुरुस्त झाला की लगेच हेही करा, कारण तेव्हाच तुम्ही सर्व्हरवर बसलेले असता.

नुसता सिंक हा बॅकअप नाही. इकडची फाईल रॅन्समवेअरने लॉक केली की रात्री दोनला तीच लॉक झालेली फाईल तिकडे जाते. म्हणून तारखेचे फोल्डर करा, लिंक-डेस्ट ऑप्शनने, न बदललेल्या फाईलींची हार्डलिंक, म्हणजे त्याच डेटाला दुसरं नाव, होते आणि जागा फक्त बदललेल्यांची लागते. त्यासोबत फाईल जागच्या जागी बदलणारा इनप्लेस ऑप्शन कधीच वापरू नका, जुन्या तारखांच्या फाईलीही त्याने बदलू शकतात.

दुसरं, कामाच्या सर्व्हरकडे बॅकअप सर्व्हरवर लिहायची किंवा मिटवायची चावी ठेवू नका. बॅकअप सर्व्हरने येऊन डेटा न्यावा, उलटं नको. त्याच्या कीला कामाच्या सर्व्हरवर फक्त वाचायची मुभा द्या, ऑथराइज्ड कीजमध्ये रिस्ट्रिक्ट, फ्रॉममध्ये आयपी, आणि कमांडमध्ये आरआरसिंक रीड-ओन्ली, म्हणजे त्या कीला फक्त आरसिंकने वाचण्यापुरतं बांधणारी स्क्रिप्ट. ऑफिसचं नेट सीजीनॅटमागे असेल, म्हणजे एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला, आणि बाहेरून आत येता येत नसेल तर वायरगार्ड व्हीपीएन टाका. तेही जमत नसेल तर बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची टूल्स अपेंड-ओन्ली पद्धतीने, म्हणजे पाठवणाऱ्याला जुनं काढता येत नाही.

आरसिंक डेमन, म्हणजे एसएसएचशिवाय स्वतःच कनेक्शन घेणारा आरसिंक, पोर्ट ८७३, इंटरनेटवर उघडा ठेवू नका, त्यात डेटा एन्क्रिप्ट होत नाही. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये त्यात एक गंभीर भोक सापडलं, बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकेल असं, ते ३.४.० मध्ये बुजवलं. तुमच्या डिस्ट्रोचा सिक्युरिटी अपडेट तेव्हापासून घेतला नसेल तर आज घ्या.

आणि रिस्टोअर करून बघा. महिन्यातून एकदा, दुसऱ्या मशीनवर, कुठल्याही तीन फाईली आणि एक डेटाबेस डंप, शा२५६समने, म्हणजे फाईलचा ठसा काढणाऱ्या कमांडने, जुळवून. गिटलॅबसारख्या, लोकांचा प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं ते त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलंय: चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं गेलं, मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप बनतच नव्हता, डेटाबेस ९.६ आणि डंपचं टूल ९.२, आणि फेल झाल्याचे मेल डीमार्कमुळे, म्हणजे पाठवणारा खरा आहे का ते तपासणाऱ्या नियमामुळे, परत जात होते म्हणून कुणालाच कळलं नाही. सुमारे सहा तासांपूर्वी काढलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून वाचले. तुमचा फेल झाल्याचा मेल खरंच इनबॉक्समध्ये येतो का, हे आज एकदा मुद्दाम जॉब पाडून बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, "आयओ एरर" दिसतोय, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये करंट पेंडिंग सेक्टर किंवा रीअलोकेटेड सेक्टरचा आकडा वाढतोय, तर पुन्हापुन्हा आरसिंक चालवू नका आणि फाईलसिस्टिम दुरुस्त करणारी एफएससीके तर अजिबात नको. प्रत्येक वाचनाने ती डिस्क अजून खचते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर सर्व्हर बंद करा, प्लग काढा, आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. घरी उघडू नका.

रेडची, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातली, एक डिस्क गेली असेल आणि कुठली गेली याची शंभर टक्के खात्री नसेल तर डिस्क ओढू नका. चांगली ओढली गेली की दुसरी संधी नसते.

फाईलींची एक्स्टेन्शन बदललीत, खंडणीची टेक्स्ट फाईल दिसतेय, तर दोन्ही सर्व्हरची नेटवर्क केबल काढा, मशीन फॉरमॅट करू नका, लॉग राहू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, पतसंस्था किंवा हॉस्पिटल असाल तर हे टाळू नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

डेटाबेस डंप रिस्टोअर होत नाहीये आणि तो एकमेव आहे, तर त्याची आधी कॉपी करा आणि डेटाबेसचं काम रोज करणाऱ्या माणसालाच द्या.

बोलावलेल्या माणसाला या गोष्टी हातात द्या: बिघाडाच्या आधीचा आणि नंतरचा लॉग, क्रॉनटॅब आणि स्क्रिप्टची कॉपी, डीएफचं दोन्ही प्रकारचं आउटपुट, शेवटचा चांगला बॅकअप कुठल्या तारखेचा ते, आणि त्यानंतर तुम्ही स्वतः काय काय कमांड दिल्यात त्याची यादी. त्या यादीत लाजून काही गाळू नका, दिलेली चमोड ७७७ सुद्धा लिहा, मला ती शोधायला अर्धा दिवस लागतो आणि तुम्हाला सांगायला अर्धा मिनिट.